“नंबर कितवा?” आणि प्रगतीपुस्तकातलं ब-1

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की आमच्याकडे पालकसभा लागते. लेक चौथीत, शाळा मराठी माध्यमाची, घर लालबागला. बाकात गुडघे मावत नाहीत अशा अवस्थेत बसून मी सही करते, प्रगतीपुस्तक पिशवीत टाकते आणि घरी येते. दारातच सासूबाई विचारतात, “कितवा नंबर?”

“आई, आता नंबर नसतो, श्रेणी असते. मराठीत अ-2, गणितात ब-1.”

“ते कळलं गं. पण नंबर कितवा?”

पहिल्या वर्षी मला हसू आलं होतं. आता वाटतं, त्यांचा प्रश्न रास्त आहे. फक्त त्याचं उत्तर या कागदावर नाही, कारण हा कागद वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. पालकसभेतली निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात.

दादरच्या तरणतलावाचं बघा. तिथे पोराला पोहता येतं का हे तीन तऱ्हांनी विचारता येईल. न थांबता पलीकडच्या काठाला पोचतो का? इतर पोरांच्या आधी पोचतो की नंतर? आणि गेल्या महिन्यात फळी धरून पाय मारत होता, आता फळी सुटली का? पहिल्या प्रश्नात ठरवून दिलेल्या रेषेशी मोजणी, दुसऱ्यात बाकीच्यांशी, तिसऱ्यात त्याची त्याच्याशीच. सासूबाईंचा “नंबर” म्हणजे दुसरा प्रश्न. लेकीच्या प्रगतीपुस्तकातली श्रेणी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. आणि मला मनातून हवं असतं ते तिसऱ्याचं, जे कुठल्याच रकान्यात सरळ सापडत नाही.

आता श्रेणी येते कुठून ते पाहू. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. मुलांचं मूल्यमापन सतत आणि सर्व अंगांनी व्हावं असं त्यात लिहिलेलं आहे. त्यावरून महाराष्ट्र सरकारने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निर्णय काढला आणि पहिली ते आठवीला “सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन” आलं. नाव भारदस्त आहे, पण आत दोनच भाग आहेत. एक आकारिक, म्हणजे सत्रभर चाललेलं: बाईंचं रोजचं निरीक्षण, तोंडी प्रश्न, प्रकट वाचन, प्रयोग, प्रकल्प, वर्गातल्या छोट्या चाचण्या, स्वाध्याय. दुसरा संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटी बसून दिलेली परीक्षा. आपल्या वेळची सहामाही आणि वार्षिक म्हणा ना.

दोन्हींची बेरीज 100 आणि त्या बेरजेवरून श्रेणी. 91 ते 100 अ-1, 81 ते 90 अ-2, 71 ते 80 ब-1, 61 ते 70 ब-2, 51 ते 60 क-1, 41 ते 50 क-2, 33 ते 40 ड. त्याखाली इ-1 आणि इ-2. वर्गातल्या चाळीसच्या चाळीस पोरांना 91च्या वर मिळाले तर चाळीस जणांना अ-1. कोणाला कोणाच्या मागे उभं करायचंच नाही, ही त्यामागची कल्पना.

“मग सरळ 78 लिहायला काय जातं?” हा शेजारच्या काकांचा नेहमीचा सवाल. जातं एवढंच, की 78 हा आकडा वाटतो तितका पक्का नसतो. तोच निबंध सकाळी तपासला तर 7 पडतात, चाळिसाव्या उत्तरपत्रिकेनंतर तपासला तर 6. 78 आणि 80 मधला फरक पोरात असतो की तपासणाऱ्याच्या थकव्यात, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. म्हणून एक पट्टी आखली: 71 ते 80 आम्ही सारखं मानतो. पण पट्टी म्हटली की तिला कडा आल्या. 80 चा ब-1 आणि 81 चा अ-2, आणि 81 वाला नि 90 वाला एकाच पट्टीत. एका भानगडीतून सुटायला दुसरी अंगावर घेतली, असं माझं मत. तरी लहान इयत्तांत मला श्रेणीच बरी वाटते.

आता खरी गंमत. आकारिक आणि संकलित यांचा वाटा सगळ्या इयत्तांना सारखा नसतो. पहिली-दुसरीला 70 आणि 30, तिसरी-चौथीला 60 आणि 40, पाचवी-सहावीला 50-50, सातवी-आठवीला 40 आणि 60. म्हणजे पोर मोठं होत जाईल तसा वर्गातल्या कामाचा वाटा घटतो आणि शेवटच्या पेपरचा वाढतो.

दोन मुली डोळ्यांपुढे आणा. पहिली वर्गात चुणचुणीत, तोंडी विचारलं की उत्तर तयार, प्रकल्प झकास, पण पेपरला बसली की हातपाय गार. चौथीत तिला आकारिकमध्ये 60 पैकी 52, संकलितमध्ये 40 पैकी 21. बेरीज 73, ब-1. दुसरी वर्गात गप्प, वही अर्धवट, पण पेपर फर्मास लिहिते. तिला 36 आणि 37. बेरीज 73, ब-1. दोघींच्या प्रगतीपुस्तकात तेच अक्षर, दोघींच्या आया तेवढ्याच खूश.

दोघी आहेत तशाच राहिल्या, काही सुधारल्या नाहीत की बिघडल्या नाहीत, असं धरू. सहावीत 50-50 च्या हिशेबाने पहिलीला साधारण 70 पडतील, म्हणजे ब-2. दुसरीला 76, ब-1. सातवीत पहिली 66 वर आणि दुसरी 80 च्या उंबऱ्याशी. दहावीत लेखी 80 आणि अंतर्गत 20 असतं. तिथे तोच हिशेब चालवला तर पहिली 59 आणि दुसरी 86. (दहावीच्या अंतर्गत गुणांत शाळांचा हात बराच सैल असतो, त्यामुळे प्रत्यक्षात दोघींना दोन-चार जास्तच मिळतील. पण दरी काही बुजत नाही.)

आमच्या चाळीच्या गॅलरीत दरवर्षी कोणीतरी हमखास म्हणतं, “चौथीपर्यंत हुशार होता हो, मग काय झालं कोण जाणे. मोबाईलने वाट लावली.” मोबाईलचा दोष असेलही. पण आधी हा वाटा बघा. त्या पोराचं काही बिघडलेलंच नसेल. जे त्याला पहिल्यापासून जमत नव्हतं, त्याचं वजन वाढलं, एवढंच. चौथीच्या प्रगतीपुस्तकात आकारिक आणि संकलितचे रकाने वेगवेगळे वाचले असते तर हे तेव्हाच दिसलं असतं. आपण पाहतो शेवटचं अक्षर आणि करतो सही.

इथे एका गैरसमजाबद्दल. “आठवीपर्यंत परीक्षाच नाहीत, ढकलत नेतात” हे मी डॉक्टरच्या दवाखान्यातही ऐकलंय. कायद्याने पोराला त्याच वर्गात मागे ठेवायला मनाई केली होती, परीक्षा घ्यायला नव्हे. इ-1 किंवा इ-2 आलेल्याला जादा शिकवून वर आणायचं, असं अपेक्षित होतं. ते किती ठिकाणी झालं हा निराळा विषय. पुढे 2019 मध्ये कायदा बदलला, पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन मागे ठेवायची मुभा राज्यांना मिळाली, आणि महाराष्ट्राने 2023-24 पासून ती वापरली. पाचवीला विषयाला 50 गुणांची वार्षिक परीक्षा, पास व्हायला 18. आठवीला 60 ची, पास व्हायला 21. राहिला तर पुन्हा एक परीक्षा, त्यातही राहिला तर तोच वर्ग. तेव्हा पाचवी-आठवीच्या पालकांनी श्रेणीच्या भरवशावर राहू नये.

आता नणंदेकडे जाऊ. तिचा मुलगा ठाण्याला सीबीएसईच्या शाळेत. दहावीच्या निकालाच्या दिवशी फोन आला, “अगं, एका विषयात 90 आणि श्रेणी ए-2, दुसऱ्यात 86 आणि ए-1! बोर्डाची चूक असणार.” चूक नव्हती. सीबीएसईच्या बोर्डाच्या परीक्षेत ए-1 म्हणजे 91च्या वर नव्हे. त्या विषयात पास झालेल्या सगळ्या मुलांना गुणांप्रमाणे उतरत्या क्रमाने लावतात, वरचा एक अष्टमांश ए-1, पुढचा एक अष्टमांश ए-2, असं खाली येतात. ज्या विषयात सगळेच भरभरून गुण मिळवतात तिथे 90 लाही वरच्या अष्टमांशात जागा मिळत नाही. म्हणजे ते अक्षर चक्क आमच्या सासूबाईंचा “नंबर” सांगतं, फक्त देशभरातला आणि घाऊक भावाने. यात आणखी एक मेख अशी, की नववीपर्यंत त्याच्या शाळेत ए-1 चा अर्थ 91च्या वर असाच होता. त्याच शाळेत, त्याच पोराच्या बाबतीत, एका वर्षात अक्षर तेच राहिलं आणि अर्थ बदलला. माझी लेक आणि नणंदेचा मुलगा यांच्या अ-2 आणि ए-2 ची तुलना करणं म्हणजे किलो आणि मीटर एकमेकांतून वजा करणं.

एसएससीला तर अशा अक्षरांची भानगडच नाही, तिथे टक्के. 75 च्या वर विशेष प्रावीण्य, 60 च्या वर प्रथम श्रेणी, 45 ला द्वितीय, 35 ला पास. पण टक्क्यांनाही पोट असतं. आपण ज्याला टक्के म्हणतो ते 2010 पासून “बेस्ट ऑफ फाइव्ह”चे, म्हणजे सहापैकी चांगल्या पाच विषयांचे. ते धोरण मुंबई उच्च न्यायालयात टिकलं नाही, मग त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकलं, आणि मधल्या काळात अकरावीच्या प्रवेशांसाठी अख्खी मुंबई लटकलेली होती.

मोजपट्टी बदलली की पोरं कशी “बदलतात” याचा धडा मला 2019 ने शिकवला. राज्याचा दहावीचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के होता. 2019 मध्ये तो 77.10 वर आला. पेपरांत, वाहिन्यांवर एकच चर्चा: मुलं अभ्यास करत नाहीत. झालं होतं काय, तर भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले शाळेच्या हातातले 20 गुण त्या वर्षी काढून टाकले होते, शिवाय अभ्यासक्रमही नवा होता. अकरावीला रुईया, झेवियर्स, रुपारेलच्या रांगेत मात्र सीबीएसई-आयसीएसईची मुलं आपापले अंतर्गत गुण घेऊन उभी. एसएससीच्या पालकांचा संताप समजण्यासारखा होता. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि 2020 चा निकाल लागला 95.30 टक्के. (त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीने गुण दिले होते, हेही लक्षात घ्यायला हवं.) दोन वर्षांत 12 टक्के उतरायला आणि मग 18 टक्के चढायला राज्यातल्या लाखो पोरांची डोकी काही बदललेली नव्हती.

आकड्यांचं पुरे झालं. प्रगतीपुस्तकात आणखी एक पान असतं, जे कोणी वाचत नाही: वर्णनात्मक नोंदी. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. माझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर असलंच तर इथे असायला हवं. गेल्या वर्षी मी चष्मा लावून ते पान वाचलं. माझ्या लेकीच्या नावापुढे लिहिलं होतं, “कवितेचे तालासुरात गायन करतो.”

करतो.

मी बाईंना दाखवलं. त्या मनापासून ओशाळल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “काय करू हो, चाळीस मुलं, सात विषय, दोन सत्रं. तुम्हीच गुणाकार करा.” केला. 560 नोंदी. त्याशिवाय निवडणुकीची कामं, कसले कसले सर्व्हे, ऑनलाइन माहिती भरणं. अशा तयार नोंदींच्या याद्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतात, विषयवार, इयत्तावार. तिथून उचलायचं आणि इथे चिकटवायचं. मला बाईंचा राग आला नाही. हे पान पोराविषयी बोलण्यासाठी आखलं आणि भरायला कोणाला वेळच ठेवला नाही, याचा मात्र आला. नव्या शैक्षणिक धोरणात आता “समग्र प्रगती पत्रक” आहे. त्यात पोर स्वतःबद्दल सांगणार, सोबतचे त्याच्याबद्दल सांगणार, पालकांनाही रकाना. “परख” या राष्ट्रीय केंद्राने पायाभूत स्तरासाठी केलेल्या नमुन्यात तर गुणांऐवजी झरा, डोंगर आणि आकाश अशा पायऱ्या आहेत. छान आहे. पण भरणार त्याच बाई.

आणि वाचणार कोण, हाही प्रश्न आहेच. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ भाषांत चालतात, मराठीपासून तमिळ-तेलुगूपर्यंत, तेव्हा तिथे बऱ्याच आईबापांना निदान आपल्या भाषेतला कागद मिळतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींना तो मिळत नाही. त्या मिरची गल्लीत मसाल्याच्या दुकानात काम करतात, मुलगा सीनियर केजीत, इंग्रजी माध्यम. परवा रिपोर्ट कार्ड घेऊन वर आल्या, चेहरा उतरलेला. “ताई, ह्याच्या मोटारीत काय बिघाड आहे म्हणतायत?” कार्डावर होतं, “फाइन मोटर स्किल्स नीड अटेन्शन”. मी सांगितलं, बिघाड काही नाही, बोटांची पकड अजून पक्की नाही झालेली. पेन्सिल धरणं, शर्टाची बटणं लावणं, मणी ओवणं, एवढंच. वहिनींनी सुटकेचा श्वास सोडला आणि म्हणाल्या, “मग लसूण सोलायला बसवते की त्याला.” याहून चांगला उपाय त्या शाळेलाही सुचला नसता.

इंग्रजी कार्डांतली भाषा गोड असते आणि तिचा उलगडा करावा लागतो. “कॅन डू बेटर” म्हणजे लक्ष देत नाही. “चिअरफुल अँड सोशल” म्हणजे फार बोलतो. “नीड्स एन्करेजमेंट” म्हणजे स्वतःहून काही करत नाही. बाई खोटं लिहीत नाहीत, फक्त कागदावर उरणार म्हणून जपून लिहितात. तोंडी विचारलं तर सरळ सांगतात.

म्हणून यंदा मी एकच केलं. प्रगतीपुस्तकावर सही करून झाल्यावर बाईंना म्हटलं, “गणिताचा पेपर बघायला मिळेल का?” त्यांनी गठ्ठ्यातून काढून दिला. वजाबाकीची पाच गणितं, तीन चुकलेली. बरोबर आलेल्यांतलं एक होतं 4562 वजा 1837, उत्तर 2725. म्हणजे हातचा घेता येतो. चुकलेलं पहिलं होतं 5003 वजा 2678. तिने लिहिलं होतं 3675.

बाई आणि मी दोघी त्या आकड्याकडे बघत बसलो. मग बाईंनी पेन उलटं धरून एकेक घर दाखवलं. तीनमधून आठ जात नाहीत, शेजारी हातचा मागायला गेली तर तिथे शून्य, त्याच्या शेजारीही शून्य. मग पोरीने सरळ आठातून तीन काढले: पाच. सातातून शून्य: सात. सहातून शून्य: सहा. पाचातून दोन: तीन. 3675. बाकीची दोन चुकलेली गणितं पाहिली, दोन्हींत वरच्या संख्येत शून्य. पोरीला वजाबाकी येत होती. शून्याच्या दारातून हातचा कसा आणायचा एवढंच अडलं होतं, आणि त्या एका अडचणीचं नाव प्रगतीपुस्तकात “ब-1” असं होतं.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलंच, “नंबर?” मी म्हटलं, “आई, तिला शून्याकडून हातचा घेता येत नाही.” त्या जुन्या सातवी पास. चष्मा पुसला, पाटी मागितली, पाटी नव्हती म्हणून जुन्या कॅलेंडरची पाठ घेतली आणि नातीला म्हणाल्या, “ये इकडे. समज, तुझ्याकडे हजाराच्या पाच नोटा आहेत आणि सुट्टे तीनच रुपये...”